सही जुळत नाही

मुलगी : परत आला फंडाचा फॉर्म? तिसऱ्यांदा?

बाबा : सही जुळत नाही म्हणतात. म्हटलं, सही माझी, नोकरी माझी, पैसे माझे. जुळवायला काय लग्न आहे?

मुलगी : पण एवढी घाई कशाची?

बाबा : महिनाअखेरीला बुकिंगचे पैसे भरायचेत. मी टूर न्यायचो तो घाट, वरचं तळं, बारा दिवस. तू, आई आणि मी. तीन तिकिटं.

मुलगी : दोन. मी येणार नाही. आईला सांगितलंय मी.

बाबा : आईला सांगितलंस. मला कुठे?

मुलगी : आता सांगते. बावन्नाव्या वर्षी चांगली नोकरी सोडलीत. आठ वर्षांचा पगार पाण्यात. का, तर म्हणे सगळ्यांनी मिळून फिरायचंय! मी आठ वर्षांची होते तेव्हा का नाही सुचलं? प्रत्येक सुट्टीत मी दारात बसलेली, आणि तुम्ही टूरची बस घेऊन पसार.

बाबा : सुट्टीतच सीझन असतो, ठमे. दुसऱ्यांची पोरं फिरवली, म्हणून तुझी फी भरली गेली.

मुलगी : माहितीये. म्हणून तर तुमच्याशी धड भांडताही येत नाही.

बाबा : भांड की. आता दिवसभर घरीच असतो.

मुलगी : आणा तो फॉर्म. कारण, ‘स्वेच्छानिवृत्ती’. बरोबर. इथे सही करा, नोकरीला लागताना केली होतीत तश्शी.

बाबा : तूच कर. तुला येते. प्रगतिपुस्तकावर करायचीस ती.

मुलगी : ...तुम्हाला ठाऊक होतं?

बाबा : सहीच्या दिवशी मी कायम गाडीवर. मग केली कोणी? माझ्यापेक्षा झोकदार यायची तुझी.

मुलगी : ते प्रगतिपुस्तक होतं. इथे मला आत टाकतील. घ्या पेन.

बाबा : चष्मा सापडत नाहीये.

मुलगी : डोक्यावर आहे.

बाबा : हो की.

मुलगी : बाबा, पेन दोन्ही हातांनी का धरलंय?

बाबा : गारठा आहे जरा.

मुलगी : पंखा चालू आहे. कधीपासून होतंय हे?

बाबा : दोन वर्षं. आधी नुसती बोटं. मग एकदा घाटात, स्टिअरिंगवर. मागे चाळीस माणसं गाढ झोपलेली. झालं काही नाही. डेपोत गाडी लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि साहेबांना म्हटलं, माझा अर्ज लिहून घ्या.

मुलगी : म्हणजे फिरायला नाही सोडलीत नोकरी.

बाबा : फिरायलाच सोडली. डॉक्टर म्हणाले, पाय अजून दोन-तीन वर्षं साथ देतील. पुढचं कोणी सांगावं?

मुलगी : आईला माहितीये?

बाबा : शर्टाची बटणं तीच लावते. ती विचारत नाही, मी सांगत नाही. चाललंय.

मुलगी : आणि मला? मी कोणी परकी आहे का?

बाबा : हात बघून तू लगेच आली असतीस.

मुलगी : मग काय बघून यायचं होतं मी?

बाबा : वाटलं, बापाने बोलावलं म्हणून येशील. उशिरा का होईना, बोलावलं तर खरं.

मुलगी : तिसरं तिकीट राहू दे. रजेचं मी बघते.

बाबा : हात बघूनच ना?

मुलगी : हो, हात बघूनच. दुसरं काही दाखवलंत कधी? मला रडू येतंय बाबा, जरा थांबा... हे बघा, मागे लिहिलंय. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो.

बाबा : अंगठा नाही. माझा बाप जन्मभर अंगठा देत आला. लोक हसायचे. मी सही शिकलो, तर चौकाचौकात सांगत सुटला, पोरगा सही करतो म्हणून.

मुलगी : मग करू मी? कोणाला कळणार नाही.

बाबा : नको. प्रगतिपुस्तकापुरतं ठीक होतं. शाईचं पॅड आण.

मुलगी : आणलं. हात धरू?

बाबा : धर. कागदाला टेकला की सोड.