पुरुषांच्या बाजूचा बाक

येरवड्याच्या बसथांब्यावर रांगेतल्या एका आजींनी गळ्यात कंपनीचं कार्ड असलेल्या मुलीला हटकलं.

“अगं, रविवारी आमच्या चर्चमध्ये आली होतीस ना? येशूचं कीर्तन सुरू व्हायच्या आधीच कुठे गेलीस?”

“सॉरी आजी. मी बसले तो बाक पुरुषांच्या बाजूचा होता, मला माहीतच नव्हतं.”

“कोणी उठवलं का तुला?”

“नाही. सगळे नुसते बघत होते.”

“मीही बघतच बसले. आम्ही पुणेकर! ओळख झाल्याशिवाय ‘ये’ म्हणत नाही.”

“आमच्या अमरावतीला सगळे एकत्र बसतात. आता नाही येणार मी. रूमवर मोबाईलवरच ऐकते कीर्तन.”

“आणि कीर्तनकार थांबले की धृपद कोण म्हणतं तुझ्याबरोबर?”

“कोणी नाही.”

“मग कसलं गं ते कीर्तन! नाव काय तुझं?”

“सुवार्ता.”

“या रविवारी ये, सुवार्ता. त्याच बाकावर बस.”

“परत बघतील सगळे.”

“बघू देत की! मी बसते ना तुझ्याशेजारी. तिथे आमचे हे असतात, त्यांना जरा सरकायला सांगते. लग्नाच्या दिवसानंतर चर्चमध्ये पहिल्यांदाच एका बाकावर बसू आम्ही.”