डावीकडून तिसरं कपाट

...आणि वर ताई मलाच विचारते, "कुठल्या गाढवानं केलं रे हे?" आता काय सांगू, कप्पाळ? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं डेटा सेंटरात टेक्निशियन आहे मी. म्हणजे थंडगार हॉल, कपाटांच्या रांगा, कपाटांत घोंघावणारे सर्व्हर. एखादा बिघडला की हुडकायचा, वायरी काढायच्या, बदलायचा. नव्या लोकांना शिकवतो कोण? मी! भिंतीवर पाटी लावली कोणी? मीच! 'लेबल दोनदा वाचा, मगच हात लावा!'

मंगळवारी सकाळी साहेबांचा फोन. "डावीकडून तिसरं कपाट, खालून पाचवा सर्व्हर, काढून टाका." समोरून मोजलं, बरोब्बर. पण वायरी असतात मागे! मागे गेलो आणि पुन्हा डावीकडूनच मोजलं... अहो, मागे गेलं की डावं उजवं होतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! लेबल? चष्मा राहिला टेबलावर. म्हटलं, आपल्याला कशाला वाचायला लागतंय? ओढल्या दोन्ही वायरी. दिवा विझला तो भलत्याच सर्व्हरचा! साहेबांना काय सांगितलं? "वायर सैल होती हो!"

त्या सर्व्हरवर प्रवेशपरीक्षा चालू होती, ती मध्येच बंद पडली. आणि परीक्षेला कोण? माझी सख्खी भाची! वर्षभर पुस्तकातून मान वर केली नव्हती पोरीनं.

संध्याकाळी ताईकडे गेलो ते कबूल करायलाच, शप्पथ! तर भाचीचे डोळे सुजलेले. परीक्षा आमच्याच सेंटरातून चालते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणते, "मामा, तुम्ही असतात ना तिथे, तर असं झालंच नसतं!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी बोललो काय? "असतात गं काही निष्काळजी लोक!" जीभ कशी झडली नाही माझी?

ताई म्हणाली, "तू त्यातला माहीतगार, परीक्षावाल्यांना तक्रार तूच लिही. चांगली झणझणीत!" बसलो लिहायला. हाताला बिघाडाचे अहवाल लिहायची सवय ना... मागून मोजलं, लेबल वाचलं नाही, सगळं नेमकं लिहून गेलो. खाली ताईची सही.

चार दिवसांनी तोच कागद साहेबांच्या हातात. "कोण हो ह्या बाई? इथे उभ्या असल्यासारखं लिहिलंय! परीक्षावाले म्हणतात, चूक कोणाची ते लेखी द्या, तरच फेरपरीक्षा." बघत राहिले माझ्याकडे. मी पुढ्यातला कागद ओढला. लिहून दिलं... माझी चूक, माझं नाव, माझी सही. भाचीची परीक्षा पुन्हा होणार हो, तेवढं बरं झालं.

साहेब म्हणाले, "एक प्रत तक्रार करणाऱ्या बाईंना पाठवा. तुम्हीच टाका पोस्टात." काय सांगू तुम्हाला... पेटीपाशी उभं राहून, चष्मा लावून, पाकिटावरचं लेबल दोनदा वाचलं मी. दोन्ही वेळा पत्ता ताईचाच निघाला.