सरांच्या सभेची भीड

उज्जैनच्या आपल्या मराठीतला एक शब्द मला अजून सलतो. चहा घ्या, सांगतो. गर्दीला आपण इथे हिंदीसारखं 'भीड'च म्हणतो ना, तो शब्द.

उदारीकरणाची पहिली वर्षं होती. आमचे धुपकर सर वारले. टावर चौकात उभं राहून दोन्ही पक्षांना तोंडावर सुनावणारा दुसरा माणूस गावात नव्हता. म्हणूनच शोकसभेला कोण येईल, याची धास्ती होती. मीच म्हटलं, "नेताजींना बोलवू. त्यांच्याशिवाय भीड जमायची नाही."

नेताजी आले, हॉल भरला. खुर्चीत टेकताच ते माझ्या कानाशी लागले, "किस पार्टी के थे?"

"किसी के नहीं. स्वतंत्र विचारों के थे."

त्यांनी मान डोलावली आणि माइक धरला. "धुपकर जी जीवनभर निर्दलीय लड़े. जमानत जब्त हुई, पर हिम्मत नहीं हारी!"

निर्दलीय म्हणजे अपक्ष उमेदवार! सर निवडणुकीच्या वाटेलाही कधी गेले नव्हते. तरी टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! चूक सुधारायला मी उठलो, नेताजींकडे पाहिलं आणि परत बसलो.

सभा संपल्यावर सरांच्या पत्नीपुढे हात जोडले. "काकू, माफ करा. त्यांना माहीत नव्हतं."

"तुम्हाला तर होतं ना?" काकू म्हणाल्या. "यांनी जन्मभर कुणाची भीड बाळगली नाही. आणि तुम्हाला यांच्याच सभेला भीड हवी होती."