नमीने दिलेला रिकामा डबा

(रोह्यातलं घर, रविवारची दुपार. न्हाणीघराचं दार आतून बंद. बाहेर सुनीतीमावशी, आत पेणहून आलेली तिची भाची इशिता. ओटीवर सुनीतीचे यजमान पुष्कर आणि मंडळी संध्याकाळच्या कीर्तनासाठी पेटी-मृदंग जुळवत आहेत.)

सुनीती : बरं, नको काढूस कडी. पण दाराजवळ तरी ये गो, इशू. अशी ये, कान लाव दाराला. एक मजेची गोष्ट सांगते. ती ऐकून झाली की खुशाल जा पेणला, मी स्वतः रिक्षा बोलावीन.

इशिता : गोष्ट नको, मावशी. मी ठीक आहे. पावणेपाचची गाडी वेळेवर आहे का, तेवढं काकांना विचार.

सुनीती : आणि उद्या सकाळी सहाला कंपनीत शिफ्ट आहे, तिला काय उडत येणार?

इशिता : नाही करायचं मला ट्रेनिंग.

सुनीती : लॅबमध्ये घेतलं म्हणून गेल्या आठवड्यात फोनवर किंचाळलीस, ती तूच ना? माझा कान अजून वाजतोय.

इशिता : तेव्हाचं वेगळं होतं.

सुनीती : तेव्हा पाळी आली नव्हती. आज आलीय.

इशिता : मावशी! हळू ना! बाहेर काका बसलेत, ते काळुरामकाका बसलेत. आणि तुला कुणी सांगितलं?

सुनीती : तूच. जेवताना दोनदा विचारलंस, इकडे घंटागाडी कधी येते. एकवीस वर्षांच्या पोरीला घंटागाडीची एवढी माया? वर पाठीवरची सॅक घेऊन न्हाणीघरात शिरलीस. पाऊण तास झाला. सॅकला आंघोळ घालतेस काय?

इशिता : हसू नकोस गं. इथे कचऱ्याचा डबाच नाहीये. कोपरान्कोपरा बघितला. खिडकीत साबण, वज्री आणि काकांचं दाढीचं सामान.

सुनीती : चूक माझी, बाई. दोन वर्षं झाली माझं थांबून. मुलगा, अद्वय, पुण्याला. घरात दुसरी बाई नाय. डबा होता, त्यात तुझ्या काकांनी मिरची लावली. बरं, संडासात तर नाही ना टाकलंस?

इशिता : नाही गं! तेवढं कळतं मला.

सुनीती : मग हाक मारायचीस. मावशी, कुठे टाकू? झालं.

इशिता : पहिल्याच दिवशी? आणि विचारून तरी काय उपयोग? आई म्हणाली, मावशीकडे यातलं काहीही टाकायचं नाही. तिने डबा दिलाय बरोबर. आइस्क्रीमचा, घट्ट झाकणाचा. त्यात घालायचं आणि पेणला घरी घेऊन यायचं. पण मला महिनाभर राहायचंय! डबा दोन दिवसांत भरेल. मग काय करू, रोज गाडीने पोचवू? त्यापेक्षा जातेच मी... मावशी? आहेस ना?

सुनीती : आहे.

इशिता : मग बोलावतेस ना रिक्षा?

सुनीती : रिकामा डबा दिला नमीने? माझ्याकडे येताना?

इशिता : हो.

सुनीती : आमच्या आईने कधी रिकामं भांडं कुणाच्या घरी धाडलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. नमी तिचीच लेक... बस, इशू. ते स्टूल ओढ आणि बस. मघाशी तुला हसवायला एक गोष्ट सांगणार होते. ती राहू दे. दुसरी आहे, ती सांगायलाच हवी.

इशिता : कसली?

सुनीती : देवाचं नाव घेते आणि सुरू करते. याच गावात, याच घरात एक नवी सून आली. बावीस वर्षांची. कीर्तनाला सगळ्यांत पुढे बसणारी, पण घरात तोंडातून शब्द न काढणारी. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. हेडमास्तर होते. पोरं त्यांना घाबरत, मास्तर घाबरत, घरचे तर घाबरतच. पहाटे उठून न्हाणीघरातला बंब स्वतः पेटवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्या पाण्याने आंघोळ, मग सोवळं, मग पूजा.

इशिता : बंब म्हणजे तो तांब्याचा, पाणी तापवायचा?

सुनीती : तोच. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या घालायच्या, वरून रद्दीचे बोळे. त्या रद्दीची टोपली बंबाशेजारी असायची. आता गिझर आहे ना, बरोबर त्याच्या खाली. टोपली ध्यानात ठेव, सगळं आख्यान तिच्यावर आहे.

इशिता : आणि ती सून म्हणजे तू.

सुनीती : कीर्तनात मधे बोलू नये. बुवा मागच्या रांगेत बसवतात.

इशिता : मी तर न्हाणीघरात बसलेय. याहून मागे कुठली रांग?

सुनीती : बरं झालं, जीभ चालायला लागली. तर, ती सून कापड वापरायची. धुवायचं, आणि मागच्या पडवीत परकराखाली झाकून वाळत घालायचं. ऊन लागायचं नाही, वारा लागायचा नाही. ओलसर तेच पुन्हा घ्यायचं. अंगाला खाज सुटली, चालताना डोळ्यांत पाणी यायचं. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, सासूबाई तर आधीच गेलेल्या. धाकट्या बहिणीला पत्रात लिहिलं. बहीण सतरा वर्षांची, पेणला कॉलेजात जायची. नवरात्र सरल्यावर चार दिवस राहायला आली. हातात करंज्यांचा डबा, आणि त्याच्याखाली काळ्या पिशवीत मेडिकलमधलं पुडकं.

इशिता : आई! आईने आणलं?

सुनीती : "ताई, हे वापर. वापरायचं आणि फेकून द्यायचं. धुवायला नको, वाळवायला नको." त्या सुनेला बाई देव भेटल्यासारखं झालं. फेकायचं ते कुठे, हे मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं.

इशिता : पुढे?

सुनीती : तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी बंबात रद्दी घातली. एक पुरचुंडी काही पेटेना. नुसता धूर आणि घाण वास. चिमट्याने ओढून काढली, उलगडून बघितली. आणि चिमटा तसाच हातात धरून ओटीवर आले. ओटीवर शेजारचे दोघं, दूध घेऊन आलेला जगन, आणि आदल्या दिवशी कीर्तन करून मुक्कामाला राहिलेले बुवा. त्या सगळ्यांदेखत, "हे कुणाचं?"

इशिता : अरे देवा.

सुनीती : सून स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. सगळं ऐकत होती. लाटणं थांबलं नाही, बरं का. पोळीतून पोळपाट दिसायला लागला तरी लाटतेच आहे. बाहेर अण्णा म्हणतायत, माझं पाणी बाटवलं, पूजा बाटवली, काल या घरात कीर्तन झालं आणि आज हे. कुठल्या वळणाची मुलगी ही, दुसऱ्याच्या घरी कसं राहावं हे शिकवलं नाही का आईबापांनी. मग ती पाहुणी पोर ओटीवर गेली. सगळ्यांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "माझं आहे. चुकले मी."

इशिता : बिचारी आई. तिला ती टोपली कचऱ्याचीच वाटली असणार.

सुनीती : सगळ्यांना तसंच वाटलं.

इशिता : मावशी, आवाज कमी कर जरा. बाहेरची पेटी थांबलीय.

सुनीती : थांबू दे. मी मुद्दामच मोठ्याने बोलतेय. अण्णा नमीला बोलले ते याच ओटीवर, चार माणसांत. मग हेही चार माणसांतच सांगायला हवं. इशू, ती पुरचुंडी तुझ्या आईची नव्हती. माझी होती. टोपलीत मी लपवली होती, अण्णा उठायच्या आत काढून घेईन म्हणून. आणि नेमका त्याच पहाटे माझा डोळा लागला.

इशिता : ...आईला माहीत होतं?

सुनीती : तिची वेळ नव्हती, माझी होती. पुडकं तिने आणून दिलेलं. तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? ओटीवर जाण्याआधी तिने स्वयंपाकघरात माझ्याकडे एकदा बघितलं. ती दोन दिवसांनी जाणार होती, मला जन्म काढायचा होता इथे. सतरा वर्षांच्या पोरीला तेवढ्यात एवढं कळलं. आणि मला, थोरलीला, उठून "अण्णा, माझं आहे ते" एवढं म्हणता आलं नाही.

इशिता : म्हणून ती आत येत नाही.

सुनीती : म्हणून.

इशिता : दर दिवाळीला फाटकाशी उभी राहून फराळ देते आणि म्हणते, चला, गाडी चुकेल. मला वाटायचं, आईला गाड्यांचं काहीतरी वेडच आहे.

सुनीती : सत्तावीस वर्षं तिची गाडी चुकतेय. फोनवर आम्ही बोलतो, लग्नामुंजीत भेटतो, एकमेकींच्या साड्या बघतो. तेवढं एक सोडून सगळं बोलतो. अण्णा जाऊनही बारा वर्षं झाली. तरी माझी जीभ उचलली नाय. कीर्तन संपलं की आम्ही सगळ्या एकमेकींच्या पाया पडतो ना, लहान-मोठं न बघता? मी भराभर सगळ्यांच्या पडते. आणि दर वेळी आठवतं, दोन पाय राहिले. आज तू डब्याचं बोललीस तेव्हा कळलं. मी आपली मनाला समजावत होते, ती विसरली असेल.

पुष्कर : सुनीती.

सुनीती : ऐकलंत?

पुष्कर : ऐकलं. मीही होतो ना ओटीवर. नमी त्याच दिवशी पिशवी घेऊन एकटी स्टेशनकडे निघाली. सायकल दारात होती माझी. अण्णा काय म्हणतील म्हणून काढली नाही.

सुनीती : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

पुष्कर : तू तरी कुठे बोललीस?

सुनीती : बाहेरची मंडळी काय करतायत?

पुष्कर : काळुराम मृदंगाला कणीक लावतोय. मघापासून लावतोय. तेवढ्यात दहा पोळ्या झाल्या असत्या. वर कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही. हे घे, जुने पेपर आणलेत. रंगीत पुरवण्या काढून टाकल्या, गुळगुळीत कागद गुंडाळायला नीट बसत नाही. आणि ती मिरची मी दुसरीकडे लावतो, डबा घासून आणून देतो.

इशिता : काका, नको! मिरची राहू द्या!

पुष्कर : हसतेस काय? तुला डबा हवाय ना?

सुनीती : राहू दे हो, फुलं आलीत तिला. नमीचा डबा आहे. तोच राहील खिडकीखाली, कायमचा. तुम्ही जा आता, पेटी सुरू करा. पोरीला बाहेर यायचंय.

इशिता : मावशी, काका गेले?

सुनीती : गेले. फट कर दाराला, पेपर आत घे. चार पदर कर, घट्ट गुंडाळ. पेन आहे सॅकमध्ये? वर लाल फुली मार.

इशिता : फुली कशाला?

सुनीती : घंटागाडीवरच्या बायकांना उघडून बघायला लागू नये म्हणून. त्यांनी का हात घालायचा? आपण सांगून द्यायचं. साडेसातला येते गाडी, मी देईन हातात.

इशिता : मी देईन ना.

सुनीती : तू शिफ्टला असशील.

इशिता : मी अजून पेणला जाणार आहे, विसरलीस?

सुनीती : पावणेपाचची गाडी आता निडी सोडून नागोठण्याला लागली असेल.

इशिता : फसवलंस! गोष्ट लांबवलीस तू.

सुनीती : नाय गो. सत्तावीस वर्षांची होती, एवढा वेळ लागणारच. ये बाहेर. ये. हात पूस. रडलीस काय?

इशिता : तूही रडलीस.

सुनीती : माझं वयच रडायचं. कीर्तनात बुवांनी नुसता गळा खाकरला तरी मी पदर शोधते.

इशिता : संध्याकाळी मी येऊ का कीर्तनाला? म्हणजे... आज चालेल?

सुनीती : अण्णा असते तर नको म्हणाले असते. मी म्हणते, माझ्या शेजारी बस, पहिल्या रांगेत. ज्याने हा देह घडवला, त्याला त्यातलं काय नवीन आहे?

इशिता : आणि आईला काय सांगू? रात्री फोन करेल. विचारेल, डबा वापरलास ना.

सुनीती : सांग, मावशीने ठेवून घेतला. परत देत नाही म्हणते. हवा असेल तर न्यायला ये म्हणावं, आणि फाटकात नाही द्यायचा, आत यावं लागेल.

इशिता : नाही आली तर?

सुनीती : तर शनिवारी मी जाईन पेणला. तिच्या दारात उभी राहीन, करंज्यांचा डबा घेऊन. भरलेला. आणि इथे ओटीवरच्यांना ऐकवलं ते सगळं तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत पुन्हा बोलेन. ती आत ये म्हणेपर्यंत हलणार नाही.

इशिता : ती म्हणेल, ताई, तुझी गाडी चुकेल.

सुनीती : चुकू दे माझी एक. तिच्या किती चुकल्या.

इशिता : चल, चहा करते मी. साखर कुठे आहे तेवढं सांग, बाकी मी शोधते.

सुनीती : बघ, साखर कुठे आहे ते कसं सहज विचारलंस. मागणं एकच आहे, इशू. उद्या तुझं घर होईल. पाहुणी येईल, तिला पाणी देशील, टॉवेल देशील. तेव्हाच पेपर कुठे, डबा कुठे, तेही सांगून टाक, तिने विचारायच्या आत. आणि सांगताना मला नको आठवूस. ती सतरा वर्षांची पोर आठव, ओटीवर जाऊन "माझं आहे" म्हणाली, ती.