त्या बाईच्या दारात मी काय बोललो

तुम्ही लिहून राहिले ना, तं पहिले हे लिहा, बाकीचं मंग सांगतो. सत्त्याहत्तर साली विलायतेत, समुद्राच्या काठच्या एका गावात, एका गोऱ्या बाईच्या दारात उभं राहून मी माझ्या सख्ख्या पोरीले आमची मोलकरीण म्हटलं. बाईनं विचारलं, ही कोण, आन् मी म्हटलं, ही आमच्याकडे कामाले आहे. पोट्टी बाजूलेच उभी होती, बारा वर्षांची, आन् इंग्रजी तिले माझ्यापेक्षा चांगलं समजे. हे पहिले लिहून घ्या, नाहीतर सांगता सांगता मी स्वतःले चांगला करून टाकीन, मी स्वतःले ओळखतो.

आमचं मूळ गाव उमरेडकडचं. बाप मिलमध्ये लागला म्हणून नागपुरात आलो. छप्पन साली घरच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली, मी तेव्हा अठरा वर्षांचा. त्या दिवसानंतर माझा बाप कोणाच्या घरी मागच्या दारानं गेला नाही. पुढच्या दारानं घेत नसान तं राहू द्या म्हणे, आन् वापस फिरे. पण माझी एक आत्या होती, ती कामठीले साहेबाच्या बंगल्यात आया होती, आन् लहानपणी मी तिच्यासंगं बंगल्यावर जाओ. आम्ही मागून जाओ, स्वयंपाकघरातून, पण एकदा आत गेलं की आत्या पार साहेबाच्या पलंगापर्यंत जाये, त्याची लेकरं कडेवर घे, त्याईच्या ताटलीतलं उरलेलं मले दे. आन् माझे सासरे अँग्लो-इंडियन, ते पुढं सांगतो, त्याईचा आजा खुद्द गोरा होता, सासरे स्वतः मेल गाडी चालवत, तरी साहेबाच्या क्लबात त्याईले कधी खुर्ची भेटली नाही. हे सगळं पाहून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली, की काळा माणूस गोऱ्याच्या घरी नोकर म्हणून गेला तं त्याले कोणी अडवत नाही, घरचा म्हणून गेला तं अडवतेत. माझ्या चुकीचं मूळ तिथं आहे. सबब म्हणून नाही सांगून राहिलो, फक्त सांगून राहिलो.

मी रेल्वेत फिटर लागलो, अजनीच्या इंजिन शेडमध्ये. डोरीन तिथंच रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. माझ्या हाताचं बोट चेपलं म्हणून गेलो, पट्टी बांधता बांधता तिनं मले तिच्या त्या हिंदीत झापलं, तुम लोग काम करता है कि मजाक करता है, मॅन. बोट बरं झालं तरी मी आठ दिवस पट्टी बदलाले गेलो. लग्नाचं काढलं तं दोन्हीकडून वादळ. माझी माय म्हणे, गोरी बाई आपल्या घरात भाकरी कशी थापीन बाप्पा. तिचे वडील चार महिने बोलले नाहीत, आन् मंग एक दिवस शेडमध्ये येऊन म्हणाले, तुझ्या हातचं इंजिन रस्त्यात बंद नाही पडत, हे खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे. म्हणे, मंग रविवारी जेवाले ये. अशी सोयरीक जमली.

दोन लेकरं झाले. मोठी सुजाता, ती माझ्यावर गेली, रंग, नाक, केस, सगळं माझं. मंग राहुल, तो आईवर गेला, असा गोरा की रेल्वे कॉलनीतल्या बाया त्याले उचलून घेत आन् सुजाताले म्हणत, तू काहून अशी वं? पोट्टी हसे. म्हणे, मी पहिले आली ना, तेव्हा रंग संपला होता.

आता मजेचं सांगतो. डोरीनची बहीण ग्लॅडिस लग्न करून लंडनले गेली होती. तिचा नवरा तिथं विमानतळावर कामाले, त्याले घरच्या माणसांसाठी सवलतीची तिकिटं भेटत. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं, चौघं या, तीन आठवडे राहा, त्यातला एक आठवडा तुमच्यासाठी समुद्रावर खोली घेऊन ठेवते. काय सांगू तुम्हाले, ते पत्र सुजातानं इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. आमच्या घरात कोणी समुद्र पाहिला नव्हता, मीही नाही. फुटाळा तलावाच्या पाळीवर नेलं तं ती विचारे, बाबा, याच्या किती पट? मी म्हणो, शंभर. म्हणे, इतकाच? मंग मी म्हटलं, बेटा, त्याची दुसरी पाळच दिसत नाही. रात्री जेवताना म्हणे, मंग ते पाणी थांबते कुठं?

सारी कॉलनी पागल झाली होती. कोणी लोणचं आणून दिलं, कोणी कंबल, कोणी म्हणे, तिकडून ब्लेडं आणजा. कोणी राहुलचं वजन करून घेतलं, वापस आल्यावर पाहू म्हणे किती वाढला ते. शेजारी देविदास होता, माझ्यासंगं शेडमध्ये, त्याले मस्करीशिवाय दुसरं येत नाही. एक दिवस पेपर घेऊन आला. म्हणे, माधव, तिकडं टकले पोट्टे रस्त्यात काळ्या माणसाले पाडून मारतेत म्हणे, तू असं कर गा, तोंडाले चुना लावून जाय. सगळे हसले, मीही हसलो. पण तो पेपर मी ठेवून घेतला.

तेव्हापासून माझी झोप गेली. स्वतःचं भेव नव्हतं मले, खरं सांगतो. मले दिसे ते असं, की डोरीन आन् राहुल आत गेले आन् माझ्या पोरीच्या तोंडावर दार बंद झालं. चौघं संगं चाललो की लोक पाहतेत हे नागपुरातही होतंच, पण इथं मले माहीत होतं कोण काय म्हणीन आन् त्याले काय उत्तर द्यायचं. तिथलं काय माहीत? मी घरात नियम काढले. रस्त्यात जोरानं बोलाचं नाही. कोणी पाहिलं तं खाली पाहाचं. डोरीन चिडे. म्हणे, माधव, तुम छुट्टी पे जा रहा है कि जेल में? पण सुजाता नियम पाठ करे, जसे पाढे करतेत, कारण तिले वाटे, नियम मोडला तं समुद्र नाही भेटणार.

विमानाचं काय सांगू, राहुलनं पूर्ण रस्ता खिडकीले नाक लावलं होतं. उतरल्यावर तिथल्या साहेबानं आमचे चारही पासपोर्ट पत्त्यावाणी लावले, एकदा पासपोर्ट पाहे, एकदा आमचे तोंडं. मंग सुजाताले विचारलं, तुले इथं काय पाहायचं आहे? ती म्हणे, समुद्र, सर. त्यानं ठप्पा मारला. मी मनात म्हटलं, एक दार झालं.

लंडनमध्ये आठ दिवस चांगले गेले. एकदा चालत्या मोटारीतून एकानं माझ्याकडे पाहून काहीतरी ओरडलं, मले समजलं नाही, डोरीनचं तोंड लाल झालं तेव्हा समजलं. ग्लॅडिस म्हणे, होते असं, सोडून द्या. मी कुठं सोडतो, पेपरातलं ते खरं निघालं म्हणून मी अजून भेलो.

मंग आम्ही समुद्रावर गेलो. गाडीतून उतरलो, बसनं त्या गावात आलो, आन् बस वळली तशी सुजाता उठून उभी राहिली, कारण दोन घरांच्या मधात तो दिसला. निळा नाही, राखेच्या रंगाचा, आन् खरंच पाळ नाही. ती ओरडली नाही, नियम होता ना, फक्त माझी बाही धरून ओढत राहिली, बाबा, बाबा, बाबा. तितकी खुश मी तिले कधी पाहिली नाही. हे त्या दाराच्या आधीचं, पंधरा मिनिटं आधीचं.

राहुलले बस लागली होती, तो रस्त्याच्या कडेले ओकत बसला, डोरीन त्याच्यापाशी थांबली. मी आन् सुजाता सामान घेऊन पुढं गेलो. घंटी वाजवली. एका म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं, एप्रन घातलेला, हात पिठाचे. मी नाव सांगितलं, खोलीचं पत्र दाखवलं. ती या म्हणाली, मंग सुजाताकडे पाहून विचारलं, आन् ही कोण? इतकंच विचारलं. आता वाटते, लेकरू पाहिलं की कोणीही असंच विचारते, नाव काय तुझं, तशातलं. पण माझ्या कानात तो पेपर वाजून राहिला होता. मले वाटलं हेच ते दार. आन् आत्या जशी आत जाये तसं मी पोरीले आत नेलं. म्हटलं, ही आमच्याकडे कामाले आहे, मॅडम.

बाई म्हणे, असं का, मंग हिले स्वयंपाकघराच्या मागची खोली देते. सुजातानं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली आन् बाईच्या मागं गेली. सांगितलं ते ऐकाले मीच शिकवलं होतं.

डोरीन आली, म्हणे सुजाता कुठं आहे? मी सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर हात उचलला नाही, त्या दिवशी उचलता उचलता राहिला. मी म्हटलं, आता बोललो तं आपण खोटे ठरू, चौघंही रस्त्यावर येऊ. तिनं ऐकलंच नाही, थेट खाली गेली, बाईले म्हणे, ती माझी मुलगी आहे, माझी आन् ह्याची. बाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, समजत नाही तसं पाहिलं. मंग आम्हाले वर नेलं आन् खोली दाखवली. चार पलंग लावलेले होते. ग्लॅडिसनं बाईले पत्रातच लिहिलं होतं, नवरा बायको, एक मुलगी, एक मुलगा. दोन लहान पलंगांवर दोन लहान टावेल घडी करून ठेवले होते. बाईनं खिडकीजवळचा पलंग सुजाताले दिला, इथून समुद्र दिसते म्हणाली.

सारेच त्या बाईवाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूत चादर टाकली तं बाजूच्या कुटुंबानं आपली चादर उचलून दूर नेली. तीन पोट्टे काहीतरी ओरडत गेले, डोरीननं त्याईले असं उत्तर दिलं की एकाच्या हातातलं आइस्क्रीम पडलं, राहुल आजही त्याची नक्कल करते. म्हणजे भेव खोटं नव्हतं. पण ज्या दारात मी पोरीले नाकारलं, त्या दारात कोणी नाकारणारं नव्हतं, माझ्याशिवाय.

तो आठवडा सुजाता पाण्यात खेळली, गाढवावर बसली, शिंपले गोळा केले. पण रस्त्यात चालताना ती मागं राही. दहा पावलं, पिशवी घेऊन. मी म्हणो, ये ना बेटा, संगं चाल. म्हणे, मी बरी आहे बाबा.

नागपूरले आल्यावर सारी कॉलनी जमली. तिनं सगळं सांगितलं, विमान, गाढव, लाटा, हात पसरून पसरून सांगितलं. फक्त ते नाही सांगितलं. देविदासनं विचारलं, कोणी मारलं तं नाही वं? म्हणे, नाही काका, चांगले लोक होते. मी तिथंच बसलो होतो.

नऊ वर्षं झाली. त्यात मी तिले सायकल घेऊन दिली, घड्याळ घेऊन दिलं, कॉलेजात घातलं, नंदनवनले घर बांधलं तेव्हा पहिली खोली तिले दिली. माफी मागितली नाही. आमच्याकडे बाप पोरीची माफी मागत नाही, मागितलेली मी पाहिली नव्हती, त्याले कोणते शब्द लागतात तेही माहीत नव्हतं. आता ती शाळेत शिकवते, एकवीस वर्षांची झाली, वर्गातल्या पोट्ट्याईले भूगोल शिकवते.

या वर्षी ग्लॅडिसचं पुन्हा पत्र आलं. सगळे या. घरात पुन्हा तोच गोंधळ, तेच लोणचं, तेच कंबल, मी स्वतः आठ दिवसांपासून गाणं म्हणत फिरून राहिलो, डोरीन म्हणते, बुढ्ढा हो गया, चुप बैठो. परवा संध्याकाळी सुजाता पेटी भरत होती. देविदास चहाले आलेला. तो म्हणे, काय वं मास्तरीण, चालली वाटते? ती म्हणे, हो काका. मंग कपड्याची घडी करता करता माझ्याकडे न पाहता बोलली, बाबा, या टायमाले मी कोण म्हणून येऊ?

देविदास हसला, त्याले वाटलं मस्करी आहे. डोरीन नाही हसली. राहुल उठून बाहेर गेला.

मी म्हटलं, तुले अजून आठवते? म्हणे, आठवाचं काय त्यात. मंग म्हणे, एक गोष्ट सांगू, तुम्ही रागावू नका. वापस आल्यावर मी ममीची पेटी उघडून माझा जन्माचा दाखला पाहिला होता. बापाचं नाव दोनदा वाचलं. मले वाटलं, कदाचित मी खरंच तुमची नसान, दवाखान्यातून आणली असान, म्हणून बाबा तसं बोलले.

ती हे रडत नाही म्हणाली, साधं म्हणाली. पेटीतली साडी तशीच हातात. नऊ वर्षं मले वाटे की तिले अपमान झाल्याचं दुःख असान. ती तं मी तिचा बाप आहे की नाही हे पाहत होती.

देविदास उठून चालला. मी म्हटलं, बस गा, तू बस. त्या दारात परक्या बाईसमोर बोललो होतो, आताही बाहेरच्या माणसासमोरच बोलायचं होतं मले. मी खुर्चीवरून उतरलो, खाली पेटीपाशी तिच्या बाजूले बसलो, शब्द जमवले नाहीत, जसे आले तसे बोललो. सुजाता, त्या बाईनं विचारलं तेव्हा ही माझी पोरगी आहे इतकंच म्हणायचं होतं मले, मी भेलो आन् तुले नोकर म्हटलं, मी चुकलो बेटा, मले माफ कर.