रेडिओ गप्प झाला तेव्हा

आपल्या सेलूकडच्या लोकगीतांच्या रेडिओ केंद्राचा इतिहास तुमी लिहून राह्यले म्हणे. मग हेही लिहा.

त्या साली शिवारात वाघ फिरत होता. कापूस वेचताना आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचो. आवाज असला की जनावर लांब राहतं. एका दुपारी दंडारीचं गाणं चालू होतं आणि मधेच केंद्र गप्प झालं.

बाजूच्या तुरीत काहीतरी सरकलं. बायको वाकून वेचत होती. वाकलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो.

"सरळ उभी राय," मी म्हणालो.

ती झटक्यात उभी झाली. "तुमी गा."

"मले गाता येत नाई."

"मंग बोंबला, पण थांबू नका!"

जन्मात गायलो नव्हतो. तेच गाणं पुढं ओढलं. पाठीला पाठ लावून, रेडिओ तिथंच टाकून आम्ही रस्ता गाठला.

सकाळी चार माणसं घेऊन गेलो. रेडिओशेजारी पंजाचा ठसा होता.

तसाच केंद्रावर गेलो. तिथली पोरगी म्हणाली, "बाबाजी, कोणत्या गाण्याची फर्माईश?"

"कोणतंही लाव, पोरी. फक्त मधात थांबू नको."