तामलवाडीच्या कोंबडीची पिल्लं

हसणार नसाल तर सांगतो. गावरान कोंबड्यांच्या जनुकांत किती फरक असतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. तामलवाडीला शेवंतामावशींच्या अंगणातून एका कोंबडीचं आणि तिच्या पिल्लांचं रक्त घेऊन आलो. तपासणीत निघालं काय, तर पिल्लांचं आणि आईचं काही नातंच नाही! सर भडकले. "नळ्यांची अदलाबदल केलीस. सगळं काम पुन्हा कर!"

माझं डोकंच चालेना. नळ्यांवर नावं मी स्वतः लिहिली होती. तडक तामलवाडी गाठली.

"मावशी, ही पिल्लं याच कोंबडीची ना?"

"व्हय की, हिचीच."

"मग रक्त का जुळत नाही?"

"कसं जुळंल? अंडी आमच्या जाऊबाईच्या कोंबडीची. ती काय अंड्यांवर बसंना, म्हणून आमची खुडूक बसवली."

"अहो, मग आई ती झाली!"

"आँ? उपाशीतापाशी बसून उबवायची हिनं, आन् आई ती?"

आता खरी आई कोण, हे मलाच कळेना. म्हटलं, निदान त्या दुसरीचं रक्त तरी घेऊ. सुई काढली. "कुठंय जाऊबाईंची कोंबडी?"



"अवं, मागल्या खेपेला पाव्हणा आला म्हणून जाऊबाईनं तीच कापाया दिली न्हवं का! रस्सा लई भारी झालाय म्हणून दोनदा मागून घेतलात की तुमी!"